दिव्यापलीकडची फ्लॉरेन्स नाइटिंगेल

वाचकहो, 12 मे हा दिवस आला की आपल्या रुग्णालयांतून आणि परिचारिका विद्यालयांतून दिवे पेटवले जातात. गणवेशातील मुली रांगेने उभ्या राहून सेवेची शपथ घेतात आणि व्यासपीठावरून कोणीतरी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची गोष्ट सांगतो. ती तुम्हां-आम्हांला शाळेपासून ठाऊक आहे : रात्रीची वेळ, जखमी सैनिकांच्या रांगा आणि हातात दिवा घेऊन त्यांच्यामधून फिरणारी एक दयाळू स्त्री. हे चित्र खोटे नाही. परंतु ते इतके गोड आहे की, त्याच्यामागे त्या स्त्रीचे खरे कार्य झाकून जाते. युद्धभूमीजवळच्या रुग्णालयांत त्या पावणेदोन वर्षे होत्या. त्यानंतरची चाळीस वर्षे त्यांनी आपल्याच देशातील घराण्यांच्या मोठेपणाशी आणि जुन्या रीतीच्या धाकाशी झुंज दिली. त्या झुंजीची हकिकत आज तुमच्यापुढे ठेवावयाची आहे. तीत आपल्यालाही घेण्याजोगे पुष्कळ आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला, म्हणून तिला त्या शहराचेच नाव मिळाले. वडील विल्यम नाइटिंगेल हे धनाढ्य इंग्रज जमीनदार होते. डर्बीशायर परगण्यात त्यांचे एक घर होते आणि हॅम्पशायरमध्ये एम्बली पार्क नावाचा प्रशस्त वाडा होता. आईचे वडील विल्यम स्मिथ हे पार्लमेंटचे सभासद असून गुलामगिरीच्या विरोधात झटणाऱ्यांपैकी होते. वडिलांनी मुलीला स्वतः ग्रीक, लॅटिन आणि इतिहास शिकवला. गणिताची ओढ तिला आपसूकच होती. इतके शिक्षण त्या काळी फारच थोड्या मुलींच्या वाट्याला येई. मात्र शिकून करावयाचे काय, याचे उत्तर त्या वाड्यात कोणापाशी नव्हते. खानदानी मुलीने दिवाणखान्यात बसावे, पाहुण्यांशी बोलावे, भरतकाम करावे आणि योग्य घर पाहून लग्न करावे, एवढेच तिच्यासाठी ठरलेले होते.

7 फेब्रुवारी 1837 रोजी, वयाच्या सतराव्या वर्षात असताना, देवाने आपल्याला त्याच्या सेवेसाठी पाचारण केले आहे अशी फ्लॉरेन्सची खात्री झाली. ही तारीख ती जन्मभर विसरली नाही. सेवा कोणती, हे उमगायला मात्र काही वर्षे लागली. 1845 मध्ये तिने घरी सांगितले की, सॉल्सबरीच्या रुग्णालयात काही महिने राहून आपल्याला शुश्रूषा शिकायची आहे. घरावर जणू वीज कोसळली. त्या काळच्या रुग्णालयांत अशिक्षित, गरीब आणि पुष्कळदा व्यसनी म्हणून बदनाम झालेल्या बायका परिचारिकेचे काम करीत. जमीनदाराच्या मुलीने त्यांच्या पंक्तीला बसणे म्हणजे घराण्याची अब्रू घालवणे होय, असे आई आणि बहिणीला वाटले. देवाचे पाचारण खरे असेलही, पण ते घराण्याच्या इभ्रतीला शोभेल असे असावे, अशी त्यांची अपेक्षा होती. वाचकहो, ही अपेक्षा आपल्याला अगदीच परकी आहे काय?

पुढची आठ वर्षे फ्लॉरेन्सने धीर सोडला नाही. घरचे लोक उठण्यापूर्वी पहाटेच ती रुग्णालयांविषयीचे सरकारी अहवाल वाची. एका सुसंस्कृत आणि तिला मनापासून आवडणाऱ्या गृहस्थाची मागणी तिने 1849 मध्ये नाकारली, कारण त्या संसारात आपले कार्य बुडून जाईल असे तिला दिसत होते. अखेर 1851 मध्ये जर्मनीतील ऱ्हाइन नदीकाठच्या कायझरस्वर्थ गावी तिला सुमारे तीन महिने शिकावयास मिळाले. तेथे पाळक थिओडोर फ्लीडनर यांनी 1836 मध्ये सेविकांची संस्था स्थापन केली होती. त्या सेविका प्रार्थना करीत, फरशी पुसत आणि रोग्यांच्या जखमा धूत, आणि या तिन्ही गोष्टींत उच्चनीच असे काही मानीत नसत. फ्लॉरेन्सला आपला मार्ग सापडला.

1853 मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था मिस नाइटिंगेल यांच्याकडे आली. ते आजारी कुलीन स्त्रियांसाठी होते. व्यवस्थापक समितीचा आग्रह असा की, केवळ चर्च ऑफ इंग्लंडच्या सभासद स्त्रियांनाच प्रवेश द्यावा. आजारी बाईचा पंथ विचारून तिला दारातून परत पाठवणे मिस नाइटिंगेल यांना मान्य नव्हते. कॅथलिक आणि यहुदी स्त्रियांनाही प्रवेश मिळाला पाहिजे, या अटीवरच त्या कामाला राहिल्या. समितीला नमते घ्यावे लागले. मोठ्या लढाईची ही लहानशी तालीम होती.

आता त्या काळच्या इंग्रजी सैन्याकडे पाहू या. पायदळात आणि घोडदळात अधिकाऱ्यांचे हुद्दे उघडपणे विकत घेतले जात. पायदळातील लेफ्टनंट कर्नलच्या जागेचा सरकारी दर साडेचार हजार पौंड होता आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक रक्कम मोजावी लागे. तोफखान्यात आणि इंजिनियर दलात मात्र शिकून यावे लागे, आणि म्हणूनच की काय, त्या दलांना समाजात मान कमी होता. या पद्धतीचे समर्थनही केले जाई : मालमत्तेचे धनी असलेले सेनानी राजसत्तेवर उलटणार नाहीत, हा त्यामागचा युक्तिवाद. शिवाय 1815 साली वॉटर्लूची लढाई याच पद्धतीच्या सैन्याने जिंकली होती. ड्यूक ऑफ वेलिंग्टनने ज्या रीतीने विजय मिळवला तिला हात लावणे म्हणजे त्या वीराचा अपमान, अशी भावना रूढ झाली. वेलिंग्टन 1852 मध्ये वारला, पण त्याच्या नावाचा धाक मेला नाही. 1854 मध्ये क्रिमियाच्या युद्धावर जे सैन्य निघाले त्याचे सेनापतिपद लॉर्ड रॅग्लन यांना मिळाले. ते वेलिंग्टनचे जुने चिटणीस होते, त्याच्या पुतणीचे पती होते आणि वॉटर्लूला त्यांनी उजवा हात गमावला होता. ते सभ्य आणि धीराचे गृहस्थ होते. परंतु वयाच्या पासष्टीनंतर आयुष्यात प्रथमच ते रणांगणावर सैन्याचे नेतृत्व करीत होते.

याच्या उलट कॉलिन कँपबेल यांची गोष्ट पाहा. ग्लासगोच्या एका सुताराचा हा मुलगा 1808 मध्ये सैन्यात शिरला, अनेक लढाया लढला आणि 46 वर्षांच्या नोकरीनंतर क्रिमियात जेमतेम एका ब्रिगेडचा प्रमुख झाला. हिंदुस्थानात लढून अनुभव मिळवलेले इतरही अधिकारी होते, पण कंपनी सरकारची चाकरी उमरावांना हलकी वाटे, म्हणून त्यांना दूर ठेवले गेले. लॉर्ड कार्डिगन मात्र मोठी रक्कम मोजून कर्नल झाले होते. त्यांची फौज तंबूंत राहत असे आणि ते स्वतः बंदरातील आपल्या खाजगी नौकेवर झोपायला जात. 25 ऑक्टोबर 1854 रोजी एका चुकीच्या आणि संदिग्ध हुकमापायी त्यांच्या सुमारे 670 घोडेस्वारांनी थेट तोफांवर चाल केली. शंभराहून अधिक स्वार ठार झाले, त्याहून जास्त जखमी झाले किंवा शत्रूच्या हाती सापडले. देशाने त्या धाडसाची गाणी गाइली, आणि गाण्यांच्या आवाजात चुकीचा जाब विचारणे मागे पडले.

याच सुमारास, युद्धखात्याचे एक मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून मिस नाइटिंगेल 38 परिचारिकांसह तुर्कस्तानात स्कुटारी येथे पोहोचल्या. तो दिवस होता 4 नोव्हेंबर 1854. लष्करी डॉक्टरांनी त्यांना प्रथम वॉर्डांत पाऊलही टाकू दिले नाही. स्त्रियांनी, त्यातही वरिष्ठांच्या वशिल्याने आलेल्या स्त्रियांनी, लष्करी इस्पितळात यावे ही गोष्ट रीतीत बसत नव्हती. मिस नाइटिंगेल भांडल्या नाहीत. डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय एकाही परिचारिकेने आत जायचे नाही, असा त्यांनीच नियम केला आणि सर्वजणी पट्ट्या शिवीत बसल्या. थोड्याच दिवसांत जखमींचा व आजाऱ्यांचा असा लोंढा आला की, डॉक्टरांना त्यांना बोलावणे भागच पडले.

आत त्यांनी जे पाहिले ते क्रौर्य नव्हते. तो रीतीचा कारभार होता. सैनिकाने इस्पितळात येताना आपला सदरा, चमचा आणि काटा बरोबर आणावा, असा नियम होता. रणांगणावर वरिष्ठांच्याच हुकमाने पाठीवरच्या पिशव्या टाकून आलेला जखमी माणूस ते कोठून आणणार? पण नियमानुसार ते पुरवणे हे इस्पितळाचे काम नव्हते. मालाची पेटी बंदरात पडून असली, तरी अधिकाऱ्यांच्या मंडळाने पाहणी केल्याशिवाय ती उघडता येत नसे. पलीकडे क्रिमियात सैनिकांचे दात रक्तपितीने हलत होते आणि डिसेंबरात जहाजाने आलेला लिंबाचा रस फेब्रुवारीपर्यंत वाटला गेला नाही, कारण तो वाटण्याचा हुकूम काढणे आपले काम आहे असे कोणालाच वाटले नाही. थंडीने गोठलेल्या सैनिकांना कॉफीच्या हिरव्या, न भाजलेल्या बिया दिल्या गेल्या. प्रत्येकाने आपापला नियम पाळला आणि माणसे मेली.

मिस नाइटिंगेल यांनी लोकवर्गणीतून आणि स्वतःच्या पैशांतून सदरे, भांडी आणि झाडू विकत आणले. एक घर भाड्याने घेऊन त्यात पाणी तापवण्याची सोय केली आणि सैनिकांच्या बायकांना धुण्याच्या कामाला लावले. सैनिकांसाठी वाचनालय काढण्याचे त्यांनी मनात आणले, तेव्हा अधिकाऱ्यांना हे लाड वाटले. हे लोक दारूच पिणार, त्यांना बिघडवू नका, असा त्यांचा रोख होता. सैनिकाला पगार घरी पाठवण्याची सोय करून दिली, तेव्हा सहा महिन्यांच्या आत 71 हजार पौंड इंग्लंडातील गरीब घरांत पोहोचले. ज्यांना समाजाचा गाळ मानले गेले होते, ते कोणाचे तरी मुलगे आणि बाप होते.

एवढे करूनही त्या पहिल्या हिवाळ्यात स्कुटारीला चार हजारांहून अधिक माणसे मेली. फेब्रुवारी 1855 मध्ये दाखल होणाऱ्या शंभरांपैकी सुमारे 42 जण मरत होते. मार्चमध्ये सरकारने पाठवलेले आरोग्य मंडळ आले. इस्पितळाची इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी असल्याचे त्यांना आढळले. गटारे धुतली, पाण्याचा मार्ग साफ केला, खिडक्या उघडल्या, आणि उन्हाळ्यापर्यंत ते प्रमाण सुमारे दोनांवर आले. पुढे मायदेशी आकडेवारी तपासताना मिस नाइटिंगेल यांना हे स्पष्ट दिसले की, आपल्या शुश्रूषेने जे साधले नाही ते गटारे साफ केल्याने साधले. दुसरी कोणी व्यक्ती असती तर देशाने डोक्यावर ठेवलेला मुकुट सांभाळण्यासाठी हे सत्य मनातच ठेवून गेली असती. त्यांनी मात्र ते रंगीत आकृत्या काढून मंत्र्यांपुढे ठेवले. युद्धात मेलेल्या सुमारे 21 हजार इंग्रज सैनिकांपैकी 16 हजारांच्या आसपास रोगाने गेले होते.

मग दोषी कोण? सर जॉन मॅक्नील आणि कर्नल टलॉक या दोघांनी क्रिमियात जाऊन पुरवठ्याची चौकशी केली आणि 1856 च्या आरंभी अहवाल दिला. त्यात बड्या अधिकाऱ्यांच्या चुका नावानिशी दाखवल्या होत्या. त्यावर चेल्सी येथे सेनापतींचे एक मंडळ बसले आणि त्याने आपल्याच वर्गातील त्या अधिकाऱ्यांना निर्दोष ठरवले. सैन्याच्या इभ्रतीला धक्का लागू नये, हा विचार मेलेल्यांपेक्षा जड ठरला. सत्य सांगणाऱ्या दोघांना योग्य मान मिळायला पुढे पार्लमेंटला आवाज उठवावा लागला.

ऑगस्ट 1856 मध्ये मिस नाइटिंगेल गुपचूप घरी परतल्या. स्वागताच्या मिरवणुका त्यांनी टाळल्या. क्रिमियातील तापाने शरीर खचले होते. पुढची अनेक वर्षे त्यांनी बहुतांशी खोलीत, पलंगावर पडून काढली. तेथूनच लढाई सुरू झाली. सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारे शाही आयोग मे 1857 मध्ये नेमले गेले. स्त्री असल्यामुळे त्यांना सभासद होता आले नाही. सिडनी हर्बर्ट अध्यक्ष झाले आणि माहिती, आकडे, प्रश्न यांचा मोठा भार मिस नाइटिंगेल यांनी पडद्याआडून उचलला. शांततेच्या काळात, इंग्लंडातल्या बराकींतसुद्धा, तरुण सैनिकांचे मरण त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट आहे, हे त्यांनी दाखवून दिले. बराकी सुधारल्या, लष्करी वैद्यकीय विद्यालय निघाले. 1858 मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना आपली पहिली स्त्री सभासद करून घेतले.

हुद्दे विकण्याची पद्धत जायला मात्र 1871 उजाडावे लागले. त्याचे श्रेय मंत्री कार्डवेल यांचे. उमरावांच्या सभागृहाने तेव्हाही आडकाठी केली आणि अखेर राणीच्या आज्ञापत्राने ती बंद करावी लागली. राणीचे चुलत भाऊ ड्यूक ऑफ केंब्रिज हे सुधारणांना नाखूश असूनही 1856 पासून 1895 पर्यंत सैन्याच्या शिरोभागी राहिले. रीत किती चिवट असते हे यावरून ध्यानात येते.

मिस नाइटिंगेल कधी भारतात आल्या नाहीत, पण भारत त्यांच्या मेजावर जवळजवळ चाळीस वर्षे होता. येथील छावण्यांच्या आरोग्याविषयी 1859 मध्ये नेमलेल्या आयोगासाठी त्यांनी गावोगावच्या ठाण्यांकडून माहिती मागवली. येथे दर हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला 69 मरत होते. पुढच्या दहा वर्षांत हा आकडा 18 वर आल्याचे त्यांनी नोंदवले. हळूहळू त्यांचे लक्ष छावणीबाहेरच्या खेड्यांकडे वळले. दुष्काळ, पाणी, सावकारी आणि ग्रामस्वच्छता यांवर त्यांनी लिहिले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला. सरकारी अहवालांत ज्यांची गणती होत नव्हती त्यांची गणती व्हावी, हा त्यांचा ध्यास होता.

वाचकहो, येथे थांबलो तर चरित्र गोड होईल, पण पुरे होणार नाही. ज्या उच्चवर्गीय दृष्टीशी त्या लढल्या, तिचा काही अंश त्यांच्यातही उरला होता. जमैकाच्या मेरी सीकोल या मिश्रवर्णीय, अनुभवी बाईंना युद्धखात्याने 1854 मध्ये परिचारिका म्हणून घेतले नाही. त्या स्वतःच्या खर्चाने क्रिमियात गेल्या आणि सैनिकांची सेवा करीत राहिल्या. मिस नाइटिंगेल यांनी त्यांच्यापासून अंतर राखले. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मिस नाइटिंगेल यांच्या नावाने निघालेल्या विद्यालयातही पुढे दोन वर्ग झाले : पैसे भरून येणाऱ्या कुलीन उमेदवार आणि साध्या घरांतल्या मुली. कुलीन उमेदवारांना बहुधा मेट्रनच्या जागांसाठी तयार केले जाई. परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी अशी चळवळ 1887 नंतर जोरात सुरू झाली, तेव्हा तिला सर्वांत वजनदार विरोध मिस नाइटिंगेल यांचाच होता. परीक्षेने शील मोजता येत नाही, ही त्यांची भीती प्रामाणिक होती. पण त्यांच्या नावापुढे इतरांचे युक्तिवाद फिके पडले आणि नोंदणीचा कायदा व्हायला 1919 साल उजाडले. तोवर त्यांना देवाघरी जाऊन नऊ वर्षे झाली होती. जे वेलिंग्टनच्या नावाचे झाले, तेच थोड्याफार प्रमाणात त्यांच्याही नावाचे झाले.

पवित्र शास्त्रातील पितळी सर्प तुम्हांला आठवत असेल. मोशेने तो रानात उंच केला तेव्हा त्याच्याकडे पाहून लोक वाचले. देवानेच तो करावयास सांगितला होता. परंतु पुढे शतकानुशतके लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, आणि हिज्कीया राजाला तो फोडून टाकावा लागला. सर्पात दोष नव्हता. ज्या वस्तूने एके काळी जीव वाचवले तिची पूजा सुरू झाली, आणि जिवंत देव मागे राहिला, यात दोष होता. संस्थांचेही असेच होते. जुनी पद्धत एके काळी उपकारक असते. मग ती पवित्र होते. मग तिच्या रक्षणासाठी माणसांचे बळी जातात आणि कोणाला दुष्टपणा केल्यासारखेही वाटत नाही.

आपल्या देशातही रोग्याचे मलमूत्र काढणे हे हलक्या जातीचे काम मानले गेले, आणि त्यामुळे परिचारिकेचा पेशा बराच काळ मुख्यतः ख्रिस्ती मुलींनी सांभाळला. डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये उभारलेले मिरजेचे रुग्णालय असो, की डॉ. आयडा स्कडर यांनी 1909 मध्ये वेल्लोरला सुरू केलेले परिचारिकांचे प्रशिक्षण असो, अशा ठिकाणी आपल्या आयाबहिणींनी समाजाने टाकलेले काम सन्मानाचे केले. तो वारसा मोठा आहे, आणि म्हणूनच जपून हाताळण्याजोगा आहे. आपल्या संस्थांतून, मंडळ्यांतून, विश्वस्त मंडळांतून आज निर्णय कसे होतात? कोणाच्या आजोबांनी पायाचा दगड बसवला यावर, की आज दारात कोण उभा आहे यावर? सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा देऊ नका, असे याकोबाने पहिल्या मंडळ्यांना बजावले होते. तो इशारा जुना झालेला नाही.

मिस नाइटिंगेल 13 ऑगस्ट 1910 रोजी लंडनमध्ये वारल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीत राजेमहाराजांच्या पंक्तीला दफन करण्याचा प्रस्ताव त्यांच्या कुटुंबीयांनी, त्यांच्याच इच्छेला मान देऊन, नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो गावच्या लहानशा चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. दगडावर त्यांच्या नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूची साले आहेत, एवढेच.

पुढच्या 12 मे रोजी तुम्ही दिवा जरूर लावा. पण त्या दिवशी आपल्या संस्थेची नोंदवहीही उघडून पाहा. कोण बरे झाले, कोण दारातूनच परत गेले, कोणाचे ऐकले गेले आणि कोणाचे नाही, हे मोजा. आणि जे आढळेल ते, आपल्याला कमीपणा आणणारे असले तरी, मोठ्या माणसांपुढे नम्रपणे पण न डगमगता ठेवा. मिस नाइटिंगेल यांनी हेच केले. त्यांची आठवण ठेवण्याचा याहून चांगला मार्ग नाही.